जंगल, खाडी, तळं: लोकांच्या लेखी त्यांचं मोल काय, हे नकाशावर कसं मांडायचं

मुंबईच्या विकास आराखड्याचा नकाशा उघडा आणि आपला विभाग शोधा. उद्यान हिरवं, खाडी निळी, मैदानावर आरक्षणाची खूण. कांदळवन कुठवर पसरलंय ते उपग्रहाच्या चित्रावरून कळतं, झाडं किती ते पालिकेच्या वृक्षगणनेत सापडतं. पण गोराईच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला कोण उतरतं, आरेच्या पाड्यांत वाघोबाला नारळ कुठे फुटतो, चारकोपच्या सेक्टरांतली म्हातारी माणसं दुपारची कुठल्या झाडाखाली बसतात, यातलं काहीच कुठल्या नकाशावर नसतं. निर्णय घेणारा माणूस समोरचा कागद बघतो. त्या कागदावर जे नाही, ती त्याच्या लेखी रिकामी जागा.

ही माहिती लोकांना विचारून, रीतसर गोळा करून नकाशावर बसवता येते. त्यासाठी भूगोलाची पदवी लागत नाही. चार-पाच माणसांचा गट, थोडे पैसे आणि दोन-तीन महिन्यांची चिकाटी असली की कॉलेजचे विद्यार्थी, कोळीवाड्यातलं तरुण मंडळ किंवा सोसायट्यांचा गट हे काम करू शकतो.

जगात हे काम बऱ्याच काळापासून चालू आहे. नकाशांकनात सामान्य लोकांना सामील करून घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९६ साली स्वतंत्र नाव मिळालं. त्याच दशकाच्या शेवटी अलास्कातल्या चुगाच राष्ट्रीय वनाच्या नियोजनासाठी आसपासच्या रहिवाशांना टपालाने नकाशे पाठवले गेले आणि कुठली जागा कशासाठी मोलाची वाटते ते त्यांच्याकडूनच खुणा करून घेतलं. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने याच कल्पनेवर ‘सॉल्व्ह्ज’ नावाची प्रणाली बनवली. त्यात सौंदर्य, जैवविविधता, करमणूक, इतिहास, अध्यात्म, आरोग्य, शिक्षण असे मोलाचे बारा प्रकार असतात. माणसाने आपल्याकडचे कल्पनेतले शंभर डॉलर त्या प्रकारांत वाटायचे आणि मग त्या-त्या मोलाच्या जागा नकाशावर दाखवायच्या. पद्धत चांगली आहे, पण कोलोरॅडोच्या जंगलासाठी केलेली प्रश्नावली उचलून धारावीशेजारच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात वापरली तर हाती काही लागणार नाही. म्हणून आपल्या शहरात हे कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

१. नकाशा कुणाच्या टेबलावर जाणार, ते आधी ठरवा

या पायरीवर घाई करू नका. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला एखाद्या तळ्याच्या सुशोभीकरणाबद्दल सांगायचं आहे? विकास आराखड्यातल्या फेरबदलावर हरकत घ्यायची आहे? जैवविविधता कायद्याखालच्या लोक जैवविविधता नोंदवहीत भर घालायची आहे? की वन विभागाच्या कांदळवन कक्षाला एखादी वाट, एखादा धक्का दाखवायचा आहे? प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळे, नकाशाचं प्रमाण वेगळं, वेळेचा हिशेबही वेगळा. आराखड्यातल्या फेरबदलावर हरकती-सूचनांची मुदत अनेकदा महिनाभराचीच असते. सूचना निघाल्यावर काम सुरू केलंत तर लोकांनी नकाशावर दाखवलेल्या जागांचे ठिपके गोळा होईपर्यंत मुदत टळून जाते. माहिती आधीच हाताशी हवी.

लोकांचं म्हणणं चालतं का, असं विचारणाऱ्यांनी २०१४-३४च्या आराखड्याचा प्रवास आठवावा. पहिला मसुदा २०१५ साली आला, त्यातल्या चुकांवर शहरभरातून हजारो हरकती गेल्या, तो मागे घेऊन नव्याने करावा लागला आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. त्यावेळी ज्यांनी आपल्या गल्लीचा, गावठाणाचा, मैदानाचा नकाशा हातात धरून बोट ठेवलं, त्यांचं म्हणणं टाळणं अवघड गेलं.

२. हद्द लहान ठेवा

पहिल्याच फटक्यात अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्यायला जाऊ नका. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि आतलं कोणतंही काम वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. तीन-चार किलोमीटर लांबीचा पट्टा पुरे: पवई तलावाचा काठ, चारकोप-गोराईचा खाडीकाठ, आरेतले तीन-चार पाडे आणि त्यांना लागून असलेली वस्ती, किंवा अंधेरीचा गिल्बर्ट हिल आणि भोवतालच्या चाळी. हद्द आखताना जंगल किंवा पाणी संपलं की थांबू नका. त्याचा उपयोग करणारी माणसं जिथे राहतात ती वस्तीही हद्दीत घ्या. मिठी नदीचा विचार करताना विहार आणि पवई तलावांचा सांडवा डोळ्यांसमोर हवा आणि माहीमची खाडीही.

३. मोलाची यादी लोकांच्या बोलण्यातून काढा

२००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने निसर्गाच्या लाभांचे चार गट पाडले: अन्न-पाणी-लाकूड देणारे, हवा-पाणी-पूर आवरणारे, सांस्कृतिक, आणि या सगळ्यांना आधार देणारे. तुमच्या अहवालात हे चार गट येऊ द्या, अधिकाऱ्यांना ते ओळखीचे असतात. पण नाक्यावर उभ्या माणसाला ‘परिसंस्था सेवा’ विचारलीत तर तो नम्रपणे मान हलवेल आणि चालू लागेल.

त्याऐवजी दहा-बारा वेगवेगळ्या लोकांशी नुसत्या गप्पा मारा. इथं कशाला येता? ही जागा उद्या नसली तर तुमचं काय अडेल? त्यांनी जे शब्द वापरले त्यांचीच यादी करा. आपल्याकडे ती साधारण अशी निघते: सावली आणि गारवा; चालणं, खेळणं, भटकणं; नुसतं बसून बरं वाटणं; देव, सण, विधी; पोटापाण्याचं काही मिळणं; पावसाचं आणि उधाणाचं पाणी अडणं; पक्षी-प्राणी-झाडं; जुन्या आठवणी; मुलांना शिकवणं; पुढच्या पिढीसाठी राहावं असं वाटणं. आठ ते दहा प्रकारांपुढे जाऊ नका, नाहीतर लोक गोंधळतात.

‘पोटापाण्याचं’ हा प्रकार अनेक हौशी गट गाळतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर निसर्ग म्हणजे फिरायची जागा असते. तो गाळू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोरिवलीच्या बाजारात शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन बसणाऱ्या पाड्यातल्या बायांना विचारा, जंगलातल्या कुठल्या उतारावरून काय येतं ते त्या सांगतील. खाडीत पाग टाकणाऱ्याला विचारा, पाणी कुठे काळं झालंय आणि मासळी कुठे सरकली.

आणि या यादीशिवाय एक प्रकार आवर्जून ठेवा: त्रास आणि भीती. अंधार, दारूचे अड्डे, कचऱ्याची आग, डास, बिबट्याची वाट, बाईमाणसाला एकटीला जाता न येणं. एखाद्या बागेवर बायकांचे ठिपके नसतील तर तिथे त्यांना आवडण्यासारखं काही नाही, की जायला भीती वाटते? हा प्रश्न या प्रकाराशिवाय सुटत नाही. पालिकेला लगेच काही करता येण्यासारखं असतं, तेही बहुतेक वेळा इथेच सापडतं: दिवा, कुंपणातली वाट, स्वच्छतागृह.

महत्त्व मोजायला कल्पनेतले डॉलर नकोत, रुपयेही नकोत. पैशाचं नाव काढलं की माणूस वर्गणी मागायला आल्यासारखा सावध होतो. प्रत्येकाला वीस चिंचोके द्या, प्रकारांची चित्रं काढलेले कागद समोर मांडा आणि हवे तसे वाटायला सांगा. लिहिता-वाचता न येणारी आजीही हे पटकन करते, वाटताना शेजारणीशी वाद घालते, आणि तो वाद लिहून घेण्यासारखा असतो. मात्र एकाचे चिंचोके वाटून होईपर्यंत दुसऱ्याने सुचवायचं नाही, हे आधीच सांगा.

४. कागदी नकाशा

मोबाइलवर सगळं होतं हे खरं, पण सुरुवात मोठ्या कागदी नकाशानेच करा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचा पायाभूत नकाशा मोकळेपणाने वापरता येतो, फक्त खाली श्रेय द्यायचं. तो क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत घेऊन ए-वन आकारात १:५,००० प्रमाणाने छापा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर होतो आणि एका कागदात साधारण तीन किलोमीटर बाय चार किलोमीटर परिसर बसतो. आठ मिलिमीटरची गोल टिकली चिकटवली की ती जमिनीवर चाळीस मीटर झाकते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

छापण्याआधी नकाशावर माणसांच्या ओळखीच्या खुणा भरा: बसथांबा, शाळा, देऊळ, चर्च, दर्गा, मासळी बाजार, पाण्याची टाकी, जुनी विहीर, जेट्टी. रस्त्यांची सरकारी नावं फार कमी लोक वापरतात. पाड्यांची, खाडीच्या फाट्यांची, कातळांची नावं स्थानिकांकडून विचारून लिहा. चारही कोपऱ्यांत अधिकच्या बारीक खुणा आणि त्यांचे अक्षांश-रेखांश छापून ठेवा, नंतर संगणकावर नकाशा बसवताना त्याच लागतात.

नकाशा भिंतीवर टांगू नका, जमिनीवर किंवा ओट्यावर पसरा. गोराईच्या बाजूला एका मावशींसमोर आम्ही तो पसरला तेव्हा उत्तर दिशा वर होती. त्यांनी काही न बोलता कागद फिरवला, खाडी आपल्या पायांकडे आली तेव्हा थांबल्या आणि मग बोटाने धक्क्यापासून चालत निघाल्या. मंदिर, वळण, शेवटचं घर, तिथून तिवरांतली वाट. बोट जिथे टेकलं तिथे नकाशावर कोरा पांढरा रंग होता. “भरतीला इथं पाणी, ओहोटीला चिखल. निवट्या इथंच,” त्या म्हणाल्या आणि तिथे एकापाठोपाठ एक टिकल्या लावत गेल्या. माणसाला नकाशा त्याच्या रोजच्या चालण्याच्या दिशेने लावू द्या. वाट बोटाने चालून दाखवायला सांगा, थेट ‘जागा दाखवा’ म्हणू नका. चुकीच्या जागी लागलेल्या टिकल्या यामुळे पुष्कळच कमी होतात.

जागेभोवती रेघ मारून क्षेत्र दाखवायला सांगावं की नुसता ठिपका? नवख्यांनी ठिपकाच घ्यावा. क्षेत्र काढताना एक जण अख्ख्या आरेला वेढा घालतो, दुसरा एका वडाला, आणि दोन्ही एकत्र करताना तुमची दमछाक होते. नदी, ओढा, रोजची वाट यांच्यासाठी मात्र रेघ चालते.

५. कुणाला विचारायचं

सगळं काम या पायरीवर ठरतं. तुमचा नकाशा लोकांना काय मोलाचं वाटतं ते दाखवतो, तसंच तुम्ही कुणाला विचारलंत तेही दाखवतो. पहाटे साडेसहाला राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापाशी उभं राहिलात तर बुटं घालून चालायला आलेली मंडळी भेटतील, आणि सगळा नकाशा मुख्य डांबरी रस्त्यावरच्या ‘चालण्या’ने भरून जाईल. ते खोटं नाही. पण नवापाडा, रावणपाडा इथल्या बाया त्यावेळी घरकामाला किंवा बाजारात गेलेल्या असतात. त्यांचा ठिपका नसला की तिथे कुणाचं काही अडत नाही असा अर्थ निघतो, आणि पुढे त्याच अर्थाने कागद फिरतात.

म्हणून आधी कागदावर गट पाडा आणि प्रत्येक गटासाठी माणसं राखून ठेवा. खाडीकाठ असेल तर: मासेमारी करणारे पुरुष, चिखलात उतरणाऱ्या बाया, इमारतींत राहणारे जुने रहिवासी, चार-पाच वर्षांत आलेले भाडेकरू, शाळकरी मुलं, वॉचमन, सफाई कामगार, रिक्षावाले, पक्षी बघायला बाहेरून येणारे. एकूण माणसांत निम्म्या बायका असतील असं बघा. ऑनलाइन फॉर्म फिरवून हे होत नाही. तो फॉर्म ज्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो त्यांच्यासारखीच माणसं भरतात. समाजमाध्यमांवरच्या फोटोंवरून लोकांची आवडती ठिकाणं काढणाऱ्या प्रणाल्याही आहेत, पण शिवडीच्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) हजार फोटो दिसतील, तिथल्या दलदलीवर पोट भरणाऱ्याचा एकही नाही.

किती माणसं? गटागटाने विचारत जा आणि नवी जागा निघेनाशी झाली की त्या गटापुरतं थांबा. अहवालात मात्र कुठल्या गटातले किती जण होते ते सरळ लिहा.

वेळ त्यांची, तुमची नाही. कोळीवाड्यात बायांना भेटायचं तर ओहोटीला त्या चिखलात असतात, हे विसरून चालत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास लागते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळची. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारकडे सरकते. तिथी विचारून वेळ ठरवा, कोळीवाड्यातलं कुणीही तोंडपाठ सांगेल. वॉचमनना पाळी बदलताना गाठा. इमारतींतल्या गृहिणींना दुपारी तीन-चारला. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तो दिवस आसपासच्या वस्तीसाठी ठेवा. ऋतूही बघा: रोहित साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात, रानभाज्या पावसात, पाणी तुंबण्याची आठवण जून-जुलैत ताजी. एकाच महिन्यात विचारलंत तर एकाच ऋतूचा नकाशा मिळेल. जमलं तर पावसाआधी आणि पावसात, दोनदा विचारा.

भाषेचा विचारही इथेच. फॉर्म मराठी आणि हिंदीत हवाच, बोरिवली-मुलुंडकडे गुजरातीतही ठेवा. पाड्यांत वारली बोलणारं, कोळीवाड्यात तिथलंच कुणी बरोबर असलं की बोलणं मोकळं होतं. त्या माणसाला दिवसाचा मोबदला द्या. दुसऱ्याच्या वेळेवर फुकट काम उभं करणं बरं नव्हे.

६. बोलणं कसं सुरू करायचं

मुंबईत ‘सर्व्हे’ हा शब्द उच्चारू नका. झोपडपट्टीत आणि पाड्यात सर्व्हे म्हणजे घर पात्र की अपात्र हे ठरवायला आलेली माणसं. तो शब्द ऐकला की कागदपत्रांची पिशवी बाहेर येते नाहीतर दार लागतं. पहिल्याच वाक्यात सांगा: आम्ही सरकारकडून किंवा बिल्डरकडून आलेलो नाही, घराचं काही विचारणार नाही, नाव-नंबर लिहून घेणार नाही. हे खरंच पाळा. वयोगट, स्त्री की पुरुष, काम काय, इथे किती वर्षं, जवळचा बसथांबा किंवा पाडा, इतकं पुरतं. माणसाची ओळख पटवणारी माहिती संमतीनेच घ्यावी, हेच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातही आहे. जे लागत नाही ते घेऊच नये.

मग क्रम असा ठेवा. आधी त्यांचं घर किंवा नाका नकाशावर शोधायला मदत करा. हात नकाशावर बसला की भीड चेपते. मग चिंचोके. मग टिकल्या, प्रत्येक प्रकाराला एक रंग, आणि प्रत्येक टिकलीवर क्रमांक. तो क्रमांक आणि माणसाचा सांकेतिक क्रमांक वहीत, शेजारी त्यांनी सांगितलेलं वाक्य त्यांच्याच शब्दांत. ‘२६ जुलैला पाणी इथवर आलं, तिवरं तोडली त्या बाजूने जास्त आलं’ असं वाक्य टिकलीपेक्षा कमी मोलाचं नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ही नोंद सगळीकडे मिळते. कुठल्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, ते मात्र लोकांच्याच आठवणीत आहे.

जास्तीत जास्त टिकल्या किती, त्याला मर्यादा घाला, नाहीतर उत्साही माणूस नकाशा भरून टाकतो. अर्ध्या तासाच्या वर कुणाला बसवू नका. आणि पहिल्या काही मुलाखती सरावाच्या समजा. त्या झाल्या की गटाने एकत्र बसून न कळणारे प्रश्न काढून टाका.

७. मोबाइलवर नोंद

फिरत्या लोकांसाठी, म्हणजे चौपाटीवर किंवा उद्यानात, मोबाइलवरचा फॉर्म सोपा पडतो. कोबो टूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या प्रणालीत देवनागरीत फॉर्म बनतो, नेटवर्क नसलं तरी भरता येतो आणि नंतर वर चढवता येतो. जागेचा प्रश्न ठेवताना ‘सध्याचं ठिकाण’ आपोआप घेऊ नका. माणूस फाटकापाशी उभा असतो, त्याच्या मोलाची जागा आत तुळशी तलावाच्या बाजूला असते. नकाशावर बोट ठेवून निवडायचा पर्याय द्या. तुम्ही स्वतः जागेवर जाऊन जीपीएसने नोंद घेणार असाल तर दाट झाडीत आणि उंच इमारतींमध्ये ती बरीच सरकते, म्हणून मिनिटभर थांबून घ्या.

८. संगणकावर बसवणं

कागदी नकाशे सपाट ठेवून स्कॅन करा, क्यूजीआयएसमध्ये कोपऱ्यांच्या खुणांवरून जागेवर बसवा आणि ठिपके एकेक करून उतरवा. निर्देशांक प्रणाली यूटीएम ४३ उत्तर ठेवा, मुंबई तिच्यातच येते आणि सगळी अंतरं मीटरमध्ये मिळतात. प्रत्येक ठिपक्याला माणसाचा सांकेतिक क्रमांक, गट, प्रकार, चिंचोके, महिना आणि शेरा हे रकाने हवेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोघांनी मिळून केलं, एकाने वाचलं आणि दुसऱ्याने उतरवलं, तर चुका कमी होतात.

९. नकाशा वाचताना

आधी नुसते ठिपके बघा, काहीही प्रक्रिया न करता. मग गटागटाने वेगळे नकाशे काढा. कोळणींचा वेगळा, टॉवरमधल्या रहिवाशांचा वेगळा, मुलांचा वेगळा. ते शेजारी शेजारी ठेवले की कुठे सगळे एकाच जागेवर येतात आणि कुठे एकाच जागेवर दोन गटांची ओढाताण आहे, ते डोळ्यांना दिसतं. सगळे ठिपके एकत्र ओतून एकच लालभडक नकाशा काढण्याचा मोह होईल. तसा नकाशा वर्तमानपत्रात चांगला दिसतो, पण त्यात ज्या गटाची माणसं जास्त, त्याचंच राज्य होतं. एकत्र काढायचाच तर आधी प्रत्येक गटाचं वजन सारखं करा.

दाटीचा नकाशा, म्हणजे ठिपके कुठे दाट आहेत ते रंगाने दाखवणारा, काढताना क्यूजीआयएस त्रिज्या विचारतं: प्रत्येक ठिपक्याचा परिणाम किती अंतरापर्यंत धरायचा ते. इथे तो चाळीस मीटरचा आकडा आठवा. टिकलीच चाळीस मीटर झाकते, शिवाय माणसाचं बोट थोडं इकडेतिकडे होतंच, तेव्हा शंभर मीटरपेक्षा बारीक तपशील दाखवणं खोटं ठरेल. छोट्या पट्ट्यासाठी दोनशे-तीनशे मीटर त्रिज्या ठीक. त्रिज्या बदलली की लाल डाग बदलतात, म्हणून ती नकाशाखाली लिहा.

लोक घराजवळच्या जागांवर जास्त ठिपके लावतात, हे जगभरच्या अशा अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यामुळे दाट वस्तीला लागून असलेला भाग नेहमीच वर येतो आणि आतलं शांत जंगल मागे पडतं. ठिपके कमी म्हणजे मोल कमी, असं अहवालात कुणालाही लिहू देऊ नका. विहार धरण १८६० पासून शहराला पाणी देतंय. तिथे सर्वसामान्यांना जाता येत नाही, म्हणून ठिपकेही पडणार नाहीत. अशा जागांसाठी नकाशाच्या जोडीला शास्त्रीय माहितीचा थर लावा: पाणलोट, कांदळवनाची हद्द, पूररेषा. ठिपक्यांची बेरीज मतदान म्हणूनही वापरू नका. पंधरा कुटुंबांचं देवस्थान आणि पंधराशे माणसांची जॉगिंगची वाट यांत निवड करायला हा नकाशा केलेला नाही. दोन्ही तिथे आहेत, इतकं सांगण्यासाठी केला आहे.

विकास आराखड्याचा थर वर टाकला की खरं काम दिसतं. लोकांचे ठिपके दाट आहेत पण आराखड्यात रस्त्याची रेघ गेली आहे, किंवा आरक्षण बागेचं आहे पण तिथे एकही ठिपका नाही आणि त्रासाचे मात्र भरपूर आहेत. अशा जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाऊन या.

१०. लोकांसमोर परत, आणि काय झाकायचं

नकाशा तयार झाला की जिथून माहिती घेतली तिथे परत जा आणि बाहेर कुणालाही दाखवण्याआधी तो त्यांच्यासमोर पसरा. लोक चुका सांगतात, नावं दुरुस्त करतात. काही जण म्हणतील, हे काढा. ते काढायचं, कारण विचारायचंही नाही. चिंबोऱ्यांची नेमकी बिळं, दुर्मीळ वनस्पती, घरटी, बिबट्याची पिल्लं दिसलेली जागा, घरोघरचे देव, हे कधीच नेमक्या ठिपक्याने छापू नका. पाचशे मीटरच्या चौकोनात घालून दाखवा किंवा गाळा. रानभाजीची जागा जगजाहीर झाली तर पुढच्या पावसात तिथे बाहेरचे टेम्पो येतील, आणि माहिती देणाऱ्या बाईच्या हाती काही उरणार नाही. मासेमारीच्या जागांबद्दलही तेच. पाड्यातल्या वाटा आणि लाकूडफाट्याच्या नोंदींवरून कुणावर कारवाई होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. शंका आली तर झाकलेलंच बरं.

छापील नकाशाची एक प्रत समाजमंदिरात, एक शाळेत, एक कोळीवाड्याच्या संस्थेकडे द्या. मूळ माहितीची नावाविना प्रतही त्यांच्याकडे असावी, फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये नको.

११. दाखल करताना

अधिकाऱ्याला शंभर पानांचा अहवाल देऊ नका. एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला पाच-सहा नेमक्या मागण्या आणि प्रत्येकीपुढे जागेचा क्रमांक, बाकी सगळं परिशिष्टात. कायद्याचा आधार असेल तिथे तो मांडा. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश आहेत. २०१८च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितलाय. तुमच्या नकाशावर तो पट्टा आखा आणि त्यातले लोकांचे ठिपके दाखवा. ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्याच्या आसपासचं काम असेल तर हे नमूद करा. आरेत २०२० साली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करण्याचा निर्णय झाला. तुमचे पाडे त्या रेषेच्या आत पडतात की बाहेर, हे नकाशावर स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण दोन्हीकडचे प्रश्न वेगळे आहेत. शहराच्या २०२२च्या हवामान कृती आराखड्यातल्या हिरवळ आणि पूर या भागांशी तुमच्या जागा जोडून दाखवल्या तर पालिकेतल्या माणसालाही पुढे फाइल हलवायला आधार मिळतो.

अर्ज समक्ष द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का तारखेसह घ्या. पोचपावतीशिवाय परत येऊ नका. सुनावणीची तारीख लागली तर तुमच्यातल्या इंग्रजी बोलणाऱ्याला पुढे करू नका. ज्या मावशींनी ठिपका लावला त्यांना रोजगार बुडाल्याचे पैसे आणि जायचं-यायचं भाडं देऊन बरोबर न्या, नकाशा त्यांच्यासमोर पसरा आणि त्यांनाच पहिल्यांदा बोलू द्या.